हातावरचा चावा

माझं माहेर अमरावतीचं. राजापेठेच्या पुढे तेव्हा मोकळी रानं होती, तिथे आमची वाडी होती. वडील भाजी पिकवायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. मी चौथीपर्यंत शाळा शिकले आणि मग माझं लग्न अकोटकडच्या एका गावात करून दिलं. माहेरी कुत्रं दारात आलं की दगड उचलायचा, एवढंच मला ठाऊक. सासरी गेले तर अंगणात चार कुत्री. दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूने शिळ्या भाकरींची टोपली माझ्या हातात दिली. नव्या सुनेला पहिलं काम कुत्र्यांचं, चूल नंतर. चूल बिघडली तर सगळं घर उपाशी राहतं, कुत्र्यांचं बिघडलं तर कुत्रीच राहतात, असं सासूचं म्हणणं.

सासऱ्यांचा पानमळा होता. विड्याच्या पानांचा. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांना सांगते, ते एक हिरवं घरच असतं. शेवग्या-शेवरीच्या झाडांवर वेली चढवलेल्या, चारी बाजूंनी वाऱ्याला आडव्या ताट्या, आत भर उन्हाळ्यातही अंधार आणि गारवा. आत जायचं ते आंघोळ करून आणि अनवाणी. बाईला चार दिवस मनाई. आणि कुत्र्याला जन्मभर मनाई. कुत्रं आत गेलं की वेल जळते, असं सासरे मानत. पिल्लू असतानाच ते कुत्र्याला पानमळ्याच्या दाराशी नेत, आत पाय टाकू देत आणि काठीने एकदा असं मारत की पुन्हा ते त्या उंबऱ्याकडे बघत नसे. बाहेर मात्र कुत्र्यांशिवाय चालत नव्हतं. रात्री रानडुकरं कुंपण मोडत, दिवसा वानरं ताट्या ओढत. म्हणून चार कुत्री.

त्यांना नावं अशी ठेवलेली नव्हती. रंगावरून, वयावरून हाक मारायची.

म्हातारी सगळ्यांत मोठी. ती फार भुंकत नसे. बाकीचे तिघे भुंकले की ती उठून कान टवकारायची, आणि तिला पटलं तरच धावायची. ती धावली की आम्ही समजायचो, काहीतरी खरंच आलं आहे. दगडी कुंडीत मी ताकात भाकरी कुस्करून टाकली की ती आधी जेवायची. बाकीचे दूर उभे. तिचे दात झिजलेले होते, तरी कोणाची छाती होत नसे.

तांबडा तिचाच मुलगा. तो जन्मतःच रागीट. पाहुणा, पोस्टमन, पानं न्यायला येणारा व्यापारी, सगळ्यांवर तो धावून जायचा. आधी भुंकणार, मग गोल फिरणार, आणि माणूस पळाला की मागून पोटरी धरणार. गावच्या कोतवालाचं धोतर त्याने दोनदा फाडलं. कोतवाल सासऱ्यांना म्हणाला, "पाटील, तुमचं कुत्रं सरकारी मानसाले चावते." सासरे म्हणाले, "ते अनपड हाय. त्याले सरकार कयत नाई." आम्हा घरच्यांना तो चावत नव्हता, पण अंगाला हातही लावू देत नव्हता. भाकरी टाकायची आणि बाजूला व्हायचं.

बांडा चोर. पांढऱ्यावर काळे ठिपके, दिसायला देखणा. काम करायचा नाही. डुकरं आली की तोही भुंकायचा, पण जागेवरून. चुलीवर मी भाजी ठेवून वळले की झाकण बाजूला सरकवून खाणार आणि पुन्हा पहिल्याच जागी येऊन डोळे मिटून पडणार. तोंडाला भाजी तशीच. मार खाताना ओरडायचाही नाही. त्याला वाटे, झाला सौदा.

चौथा भुरका. तो कुठून तरी आला होता, म्हातारीचा नव्हता. गरीब. त्याच्या वाटची भाकरी बांड्याने ओढली तरी तो बघत राहायचा. मी दोन-तीनदा काठी घेऊन उभी राहिले आणि त्याला खायला लावलं, तर तो माझ्याकडे बघून खाणंच विसरायचा. मला अशा स्वभावाचा राग येतो, माणसाच्या आणि कुत्र्याच्याही. पण माझ्या मुलीला तोच हवा. ती तेव्हा सहा वर्षांची होती. त्याच्या पाठीवर बसायची, कान ओढायची, तोंडात हात घालून दात मोजायची. पानमळ्यात ती आजोबांबरोबर गेली की हा दाराबाहेर बसून राहायचा, दुपार होईपर्यंत. उंबऱ्याच्या आत कधी पंजासुद्धा टाकला नाही. सासरे त्याचं उदाहरण द्यायचे. "ह्या मुक्या जनावराले नियम कयतो," म्हणायचे, आणि माझ्या नवऱ्याकडे बघायचे.

चैताचा महिना होता. मी भाकरी थापत होते. मुलगी रडत आली. उजव्या हाताच्या मनगटावर रक्त.

"काय झालं वं?"

"चावला."

"कोन?"

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "तांबडा."

"कुठं?"

"बांधावर."

कोणी पुढे विचारलं नाही. मीही नाही. तांबडा चावला यात विचारण्यासारखं काय होतं? सासू म्हणाली, "मी केवाची सांगून राहिली, ते कुत्रं घरचं नाई, वैऱ्याचं हाय." जखमेत तिखट भरलं. पोर एवढी ओरडली की शेजारच्या बाया आल्या. गावात रीत होती, कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावून यायचं. सासरे तिला खांद्यावर घेऊन निघाले. सहा विहिरी गावात झाल्या, सातवी शिवाराबाहेरची. ती परत आली तेव्हा रडणं थांबलं होतं आणि कुठल्या विहिरीत कासव आहे ते ती सांगत होती.

माझ्या नवऱ्याला सात विहिरींवर भरवसा नव्हता. तो दुसऱ्या दिवशी अकोटला जाऊन दवाखान्यातल्या कंपौंडरला विचारून आला.

"कंपौंडर म्हनते, चावलं ते कुत्रं दहा दिवस बांधून ठेवा. दहा दिवस जगलं तर पोरीले काई होत नाई. मंधात मेलं, नाईतर पिसायलं, तर त्याच दिशी पोरीले आकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पोटात सुया देतात. उशीर केला तर मंग सुई बी चालत नाई."

म्हणून तांबड्याला बांधलं. ते सोपं नव्हतं. सासऱ्यांनी गोणपाट टाकून त्याला दाबला आणि गळ्यात बैलाची साखळी घालून चिंचेला बांधला. तो दिवसभर भुंकत राहिला. आम्ही रोज उठून आधी त्याच्याकडे बघायचो. तो भाकरी खातो का, पाणी पितो का. तो खात होता, पीत होता आणि येईल त्याच्यावर धावत होता. सासू रोज सकाळी म्हणायची, "चांगलं हाय बाप्पा, मेल्याले काई झालं नाई." त्या कुत्र्याचं तोंड भरून आयुष्य मागायची तिची ती पहिलीच वेळ.

पाचव्या दिवशी सकाळी मी कुंडीत भाकरी कुस्करली. म्हातारी जेवली, बांडा जेवला. बांडा जेवून तिथेच उभा राहिला, कारण कुंडीत भाकरी उरली होती आणि त्याला ती ओढून घ्यायला कोणी समोर नव्हतं. मग मला आठवलं की काल संध्याकाळीही उरली होती. परवाचं आठवेना. मी भुरक्याला हाक मारली. तो आला नाही. तो गरीब कुत्रा, हाकेला पहिला येणारा.

बांडा दुसऱ्याची भाकरी खाताना भांबावला होता. चोराला कोणी सोडून दिलं की तोही घाबरतो.

दुपारी मुलगी परकराच्या ओच्यात काही लपवून गोठ्याकडे जाताना दिसली. मी मागून गेले. गोठ्याच्या कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे अंधार होता. तिथे ती वाकून म्हणत होती, "खाय ना रे. खाय." हातात पोळीचा तुकडा होता. मी तिला मागून उचलून बाहेर आणलं. पोळी पडली. आतून आवाज आला, तो भुंकण्याचा नव्हता, गुरगुरण्याचाही नव्हता. बसलेल्या घशाने माणूस खाकरतो तसा. मी वाकून बघितलं. भुरका गव्हाणीचं लाकूड चावत होता. ओठांतून लाळ लोंबत होती. माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही. मी दार लावलं, बाहेरून कडी घातली आणि मुलीला ओट्यावर बसवलं.

तिचं मनगट माझ्या हातात होतं. त्यावरची खपली मी पाच दिवस रोज बघत होते. त्या वेळी पहिल्यांदा कळलं की मी काय बघते आहे. तांबडा पोटरी धरतो. मागून. त्याने आजवर ज्याला चावलं त्याला पोटरीलाच. हाताला चावायचं तर हात कुत्र्याच्या तोंडाजवळ न्यावा लागतो, आणि तांबड्याच्या तोंडाजवळ हात नेणारं माणूस आमच्या घरात नव्हतं, गावात नव्हतं. हात ज्याच्या तोंडात जायचा ते कुत्रं एकच होतं.

"कोन चावलं तुले?"

"तांबडा."

"खोटं बोलशील तर मी तुले मारनार नाई. पन तू मरशील. खरं सांग."

पोराशी असं बोलू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. दुसरं बोलायला वेळ नव्हता. तिने एकदम सगळं सांगितलं. भुरका पानमळ्यात गेला होता. आत, शेवटच्या ओळीत, वेलींच्या बुडाशी गारव्यात बसला होता. आजोबा दुसऱ्या बाजूला पानं खुडत होते. त्यांनी बघितलं असतं तर त्याला मारून टाकलं असतं, म्हणून ती त्याला ओढून बाहेर काढायला गेली. त्याने मनगट धरलं. ती ओरडली नाही. त्याला तसंच ओढत बाहेर आणलं आणि मग रडत घरी आली.

"मंग तांबड्याचं नाव काहून सांगतलं?"

"त्याले तं सगळे मारतातच."

मी उठले. सासरे ओसरीवर पानं मोजून डालीत रचत होते. तेव्हा सून सासऱ्यांशी समोर बोलत नसे. काही सांगायचं तर दाराआडून सासूला सांगायचं, सासू त्यांना सांगणार. सात वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही थेट बोलले नव्हते. मी सासूला सांगायला गेले, तर ती परसात धुणं वाळत घालत होती. तिला बोलावून, समजावून, तिने येऊन सांगेपर्यंत थांबावं असं मला वाटलं नाही.

"मामाजी," मी म्हणाले, "पोरीले भुरका चावला. तांबडा नाई. भुरका पिसायला हाय. गोठ्यात हाय."

त्यांचा हात डालीतच थांबला. सासू धावत आली. "सूनबाई, तोंड सांभाय!"

"कुठं चावला?" त्यांनी विचारलं. मला नाही, सासूला.

मीच सांगितलं. "पानमयात."

"माह्या पानमयात कुत्रं जात नाई."

"गेलं होतं."

"भुरका? त्यानं कधी उंबरा ओलांडला नाई."

"शहाना होता तवापावतर नाई ओलांडला. मी तेच सांगून राहिली, मामाजी. तांबडा आत गेला असता तर मी म्हनलं असतं हट्टी हाय, बांडा गेला असता तर म्हनलं असतं चोर हाय. भुरका आत गेला, म्हंजे त्याचं डोकं ठिकानावर नाई. त्याले अंधार पाह्यजे होता."

सासू कपाळ बडवत खाली बसली. पोरीला पिसाळलेलं कुत्रं चावलं म्हणून, की मी सासऱ्यांशी बोलले म्हणून, ते मला कळलं नाही. सासरे उठले, काठी घेतली आणि गोठ्याकडे गेले. कडी काढली, फट केली, आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा कडी घातली, वरून मोठा दगड लावला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. ते माझ्याकडे न बघता पण मलाच म्हणाले, "लुगडं बांध. आकोल्याची मोटर सकाई निंगते. आजच अकोटाले जाऊन बसा."

मी माझी आणि पोरीची दोन-दोन लुगडी-परकर बांधले. नवऱ्याने बैल जुंपले. गाडी सुटताना मुलीने विचारलं, "आबाजी, भुरक्याले मारसान काय?"

सासरे म्हणाले, "नाई."

ते खरं बोलले. मारायची गरज पडली नाही. तो दुसऱ्या दिवशी गोठ्यातच मेला.

अकोल्यात आम्ही सासूच्या मावसबहिणीकडे राहिलो. रोज सकाळी दवाखान्यात जायचं. बाहेर ओळीत बसलेली माणसं, सगळी चावलेली. कोणी बार्शीटाकळीचा, कोणी बाळापूरकडचा. प्रत्येक जण आपलं कुत्रं कसं होतं ते सांगायचा. "आमचं तर लई गुनाचं होतं," असं सांगणारे जास्त होते. वाईट कुत्रं चावलेला माणूस तिथे मी फार पाहिला नाही. वाईट कुत्र्यापासून लोक लांब राहतात.

चौदा सुया, पोटात. पहिल्या दिवशी दोघांनी तिला धरलं. चौथ्या दिवशी तिने स्वतः परकर वर केला. पोट फुगून दगडासारखं झालं होतं. शेवटच्या दिवशी मी डॉक्टरला विचारलं, आता काही होणार नाही ना? तो तरुण होता, नागपूरला शिकलेला. म्हणाला, "बाई, आपण पाच दिवस उशिरा आलो. चावा हाताचा आहे. सुया दिल्या आहेत. आता सहा महिने बघायचं."

"काय बघायचं?"

"पाणी पिते का ते."

परत आलो तर तीन कुत्री तीन झाडांना बांधलेली, एकमेकांपासून लांब. भुरका त्यांच्याबरोबर राहिला होता, कोणाला चावला ते कोणाला माहीत नव्हतं. गावातले लोक म्हणत होते, तिघांनाही मारून टाका. सासरे तयार नव्हते. म्हातारी बांधलेल्या जागी अशी पडली होती जणू ती जागा तिनेच निवडली. बांड्याने दोर कुरतडला आणि पळाला, तो परत आलाच नाही. दोन गावं पलीकडे तो कुणाच्या तरी दारात बघितल्याचं सांगत. तिथेही भाजी जपावी लागत असेल. तांबडा भुंकून भुंकून बसलेल्या आवाजातही भुंकतच होता. मी त्याला भाकरी टाकली तर तो पहिल्यासारखाच धावून आला. त्याच्यावर खोटा आळ आला होता म्हणून मी जास्तीची भाकरी टाकली. ती खाऊन तो पुन्हा धावून आला. त्याच्या स्वभावात माझ्या भाकरीने फरक पडला नाही, आणि तो पडावा असं मलाही वाटलं नाही.

पानमळ्याच्या वेली जळल्या नाहीत. त्या साली पान मोठं आणि कोवळं आलं. एकदा मी सासूला म्हणाले, "पानं तर चांगली आली." ती म्हणाली, "तोंड सांभाय." सासरे त्यानंतर माझ्याशी थेट बोलू लागले. फार नाही. पाऊस, बैल, पोर, एवढंच.

मुलीला मी रोज सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर पाणी द्यायचे. चूळ भरायच्या आधी. माझ्यासमोर प्यायचं, एका घोटात नाही, हळूहळू, आणि मी तिच्या घशाकडे बघायचे. घोट खाली उतरताना दिसला की मग मी चूल पेटवायचे. चैत गेला, वैशाख गेला, पाऊसकाळ गेला. तिला मी कारण सांगितलं नव्हतं. ती कुरकुर करायची, "माय, थंड हाय," "माय, तहान नाई." एखाद्या दिवशी ती नुसते ओठ लावून तांब्या बाजूला सारायची. मी तांब्या पुन्हा पुढे करून म्हणायचे, "पी." ती प्यायची. सासू बघायची. कधी मला उठायला उशीर झाला तर तिनेच पाणी दिलेलं असायचं, आणि तीही घशाकडेच बघत बसलेली असायची.

दसरा झाल्यावर एक दिवस आम्ही सगळे पानमळ्याला पाणी देत होतो. नवरा मोट हाकत होता. पाटातून पाणी खळाळत आलं तशी मुलगी पाटात पालथी पडली आणि बैल पितो तशी तोंड लावून पाणी प्यायली. नाकातोंडात पाणी गेलं, खोकली, हसली, पुन्हा तोंड लावलं.

सासरे म्हणाले, "अवं, मानसासारखी पी."

मी म्हणाले, "पिऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून सरळ चूल पेटवली.